तपासले: ना. द. सो.

मागच्या आठवड्यात फिनलंडमधल्या एका बाईने मला ईमेलवर विचारलं, की आमच्या खेळाच्या कोडमध्ये रस्ते आखण्याची जी फाइल आहे, तिच्या अगदी वरच्या ओळीत कुठल्याशा लिपीत काहीतरी लिहिलं आहे, ते काय? कुणाचा पासवर्ड वगैरे चुकून राहिला नाही ना? मी तिला लगेच कळवलं, की ते मराठीत आहे, 'तपासले: ना. द. सो.' असं वाचायचं, आणि ते कृपा करून काढू नका. तिचं तेवढ्यावर समाधान झालं. माझं झालं नाही, कारण ना. द. सो. हे दोन ओळींत उरकण्यासारखे गृहस्थ नव्हते.

आधी खेळाबद्दल सांगते. कॉम्प्युटरवर शहर वसवण्याचा हा खेळ आहे. समोर बारीक चौकोनांची रिकामी जमीन असते. तिच्यावर रस्ते आखायचे, नळ न्यायचे, घरांना जागा द्यायची. सोय बरी असली तर माणसं राहायला येतात, नसली तर निघून जातात. खेळ कुणा कंपनीच्या मालकीचा नाही. त्याचं कोड सगळ्यांना उघडं आहे आणि जगभरातले हौशी लोक आपापल्या वेळात त्यात दुरुस्त्या करतात. मी जळगावच्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. कॉलेजातून आलं, भाजी निवडून झाली, की तासभर हे काम करते. माझ्या नणंदेला क्रोशाचं वेड आहे, मला याचं.

सोनवणे नाना म्हणजे आमच्या शेजारच्या सुनंदाचे वडील. राहणार धुळे. तिथल्या पाटबंधाऱ्याच्या एका ऑफिसात त्यांनी छत्तीस वर्षं कालव्यांचे, चाऱ्यांचे आणि धरणात गेलेल्या गावांच्या नव्या वसाहतींचे नकाशे काढले. ट्रेसर म्हणून, म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा वर पातळ कागद ठेवून शाईने गिरवायला लागले, मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झाले. पंचाहत्तरीला उजव्या हाताला कंप सुटला. धुळ्यात दोन डॉक्टर झाले, मग सुनंदाने त्यांना जळगावला आणलं, आणि ते दीड वर्ष आमच्या भिंतीपलीकडे राहिले. औषधांनी कंप थोडा कमी झाला, गेला नाही.

उंच, ताठ, पांढरा बुशशर्ट. खिशात चार पेन्सिली, कडक ते मऊ अशा ओळीने लावलेल्या. त्यांनी कागदावर काही काढल्याला तीन वर्षं झाली होती, पण दर रविवारी सुनंदाकडून त्या पेन्सिलींना चाकूने टोक काढून घेत, आणि टोक मनासारखं झालं नाही तर पुन्हा काढायला लावत. चहा कधी कपभर घेतला नाही. "अर्धा, दोनदा," असं सांगायचे. बँकेच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सरळ अंगठा पुढे केला. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्ही शिकलेले दिसता. नाना म्हणाले, "म्हणूनच. वाकडी सही करण्यापेक्षा अंगठा सरळ असतो."

बोलण्याची त्यांची एक पद्धत होती. मत सांगायचं असलं की ते ऑफिसातली मराठी बोलत. निकाल द्यायचा असला की अहिराणी. माझं माहेर फैजपूरचं, आमच्याकडची बोली वेगळी, पण नानांचा निकाल समजायला अडचण पडत नसे. त्यांचा सगळ्यात नेहमीचा निकाल होता, "बठ्ठं शे, उतार नही." म्हणजे सगळं आहे, पण उतार नाही. आयुष्यभर पाणी वाहून नेलेला माणूस. त्याला जगात उताराचीच उणीव दिसायची. आमची नवी मोरी बघून ते तसं म्हणाले, आणि पहिल्याच आंघोळीला पाणी दाराशी साचलं. आमच्या प्राचार्यांचं गॅदरिंगमधलं भाषण पाऊण तास ऐकूनही तेच म्हणाले.

आमच्या दोन घरांना मिळून एक ओटा आहे. मार्च लागला की संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसते. नाना तिथे आधीच बसलेले असत. पहिले काही दिवस त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एके दिवशी मी माउस ओढून एक लांब रस्ता काढला, आणि बाजूने आवाज आला.

"रस्ताना दात पडी गयात ना, माय."

खरोखरच पडले होते. तीन चौकोन रस्ता, दोन चौकोन मोकळे, पुन्हा चार चौकोन रस्ता. खेळातली ही जुनी खोड होती. मी त्यांना सांगितलं, की माउस कुठे आहे हे कॉम्प्युटर सतत बघत नाही, थोड्या थोड्या वेळाने विचारतो. हात जोरात गेला की दोन विचारण्यांच्या मधले चौकोन सुटतात. म्हणून खेळणाऱ्यांना आम्ही सांगतो, हळू ओढा.

नानांनी पडद्यावरचे मोकळे चौकोन बोटाने मोजले. मग म्हणाले, "हळू ओढा म्हणजे काय? अवजार हातासाठी आहे की हात अवजारासाठी?" पुढे त्यांनी मला शांतपणे समजावलं, की मोजणीच्या वेळी साखळीवाला ठरावीक अंतरावर खुंटी ठोकत जातो. मधल्या जमिनीकडे तो बघतसुद्धा नाही. म्हणून मधला कालवा सोडून देतात का? नाही. दोन खुंट्यांना दोरी ताणतात. "तुझ्या कॉम्प्युटरने खुंट्या ठोकल्यात. दोरी कोण ताणणार?"

दोन बिंदूंमधले चौकोन कसे भरायचे हे मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी फळ्यावर शिकवते. पण आपल्याच खेळात ते केलेलं नाही हे मी दोन वर्षं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्या आठवड्यात मी दोरी ताणली. पंधरा-वीस ओळींचं काम होतं. हात कितीही जोरात जावो, रस्ता अखंड यायला लागला.

दुरुस्ती पाठवली, की ती खेळाचा जो मूळ कर्ता आहे तो तपासतो. तो कुठल्या देशात राहतो हे मला अजून नक्की माहीत नाही. नानांना तेवढंही पुरेसं होतं. त्यांच्या नोकरीत सगळ्या मंजुऱ्या नाशिकहून यायच्या, त्यामुळे त्या माणसाचं नाव त्यांनी 'नाशिक' ठेवलं. रोज संध्याकाळी मी फाटकाशी स्कूटी लावेपर्यंत प्रश्न तयार असे. नाशिकहून काही आलं का?

नाशिकहून मंजुरी आली, पण नानांकडूनच अडलं. मी एक तिरका रस्ता ओढून त्याच्या टोकाला नवी वस्ती टाकली होती. रस्त्याचे दात शाबूत, घरं नवीकोरी, आणि राहायला एक माणूस येईना. मी तासभर घरांच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. नानांनी चष्मा वर करून पडद्याला नाक लावलं.

"तुमच्या फैजपूरकडे शेताला वाट कुठून देतात?"

बांधावरून, मी म्हटलं.

"आणि दोन शेतं नुसती कोपऱ्याला कोपरा लागून असली तर?"

तर वाट मिळत नाही. ह्याच एका कोपऱ्यापायी माझ्या काकांनी आणि त्यांच्या शेजाऱ्याने वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, हे मी नानांना सांगितलं.

"मग केळीची गाडी जाईल का त्या कोपऱ्यातून?" नाना म्हणाले. "पाणीबी कोपरामाईन उडी मारत नही."

माझी दोरी तिरकी जाताना चौकोन फक्त टोकाला टोक लावून ठेवत होती. दिसायला रस्ता, चालायला नाही. मी ती अशी बदलली, की प्रत्येक चौकोनाची एक पूर्ण कड पुढच्या चौकोनाला लागलीच पाहिजे. तिरकं जायचं तर एक पाऊल बाजूला, एक पाऊल पुढे. वस्तीत दहा मिनिटांत माणसं आली. नाना त्यांच्याकडे समाधानाने बघत राहिले, जणू त्यांनीच सामान उतरवायला मदत केली होती.

त्यानंतर खेळाबद्दल त्यांनी एकच गंभीर शंका विचारली. हे सगळं कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही येऊन बदलतो, मग चूक झाली तर धरायचं कुणाला? मी त्यांना दाखवलं, की प्रत्येक ओळ कुणी लिहिली आणि कुणी तपासली, याची नोंद कायमची राहते. ते एकदम सैल होऊन मागे टेकले. म्हणाले, म्हणजे आमच्या शीटसारखंच आहे की.

त्यांच्या शीटची गोष्ट मला नंतर सुनंदाने सांगितली, आणि मग नानांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या. प्रत्येक नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. आरेखन, ट्रेसिंग, तपासले. ज्याने जे केलं त्याने तिथे आद्याक्षरं करायची. एकदा त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे आरेखक लग्नाला म्हणून गेले ते आठवडाभर आलेच नाहीत, आणि त्यांनी काढलेली शीट त्याच दिवशी पाठवायची होती. साहेब म्हणाले, सोनवणे, तुम्ही करा सही, कोण बघतंय. नाना म्हणाले, मी काढलेली नाही. साहेब म्हणाले, तपासली तर आहे. नानांनी 'तपासले'मध्ये केली आणि 'आरेखन' कोरं सोडलं. शीट नाशिकला गेली आणि 'आरेखन कोणी केले?' असा शेरा घेऊन परत आली. साऱ्या ऑफिसाने महिनाभर नानांशी बोलणं टाकलं. त्या महिन्यात काम फार चांगलं झालं, असं नानांचं म्हणणं.

आता ते माझे तपासनीस झाले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काय काय करून बघायचं याची यादी ते सुनंदाकडून लिहून घेत आणि ओट्यावर बसून मला एकेक फर्मावत. आता जोरात ओढ. आता उलटं. आता नकाशाच्या बाहेर जा आणि दुसऱ्या बाजूने आत ये. आता दोन्ही बटणं दाब. बटणं दोन्ही का दाबेल कुणी, मी विचारलं. "ज्याचं लक्ष नाही तो. नकाशे लक्ष नसलेल्यांच्याच हातात जातात." दोन्ही बटणं दाबल्यावर खेळ बंद पडला. त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या अकरा चुका काढल्या. फाइलच्या डोक्यावर त्यांचं नाव टाकू का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, कुठल्या रकान्यात? आरेखन माझं नाही. 'तपासले'त चालेल. म्हणून ती ओळ.

एवढ्या दिवसांत नानांनी स्वतः माउसला हात लावला नव्हता. हे माझ्या ध्यानात यायला महिना गेला, आणि तेही असं, की मी चहा टाकायला आत गेले आणि येऊन पाहते तर माउस त्यांच्या हातात. पडद्यावर कुरडईच्या चिकासारखा वेडावाकडा रस्ता पसरला होता, दोन घरांच्या छातीवरून गेला होता. नानांनी माउस खाली ठेवला, खिशातून रुमाल काढून तो पुसला, आणि चहा आला का म्हणून विचारलं. अर्धा घेतला. दुसरा अर्धा मागितला नाही.

अशा वेळी मी काम करते. पुढच्या दोन संध्याकाळी खपून मी एक नवं अवजार लिहिलं. हाताने कशीही वाकडी रेघ ओढा, हे अवजार तिचा कल ओळखून स्वतःच सरळ रस्ता टाकायचं. तिसऱ्या दिवशी नानांपुढे माउस ठेवला. त्यांनी ओढला, हात थरथरला, रस्ता मात्र ताणलेल्या तारेसारखा आला. आणखी चार ओढले. चारही सुतात. मी हुशारी केली, कॉलेजात त्या नकाशाची प्रत छापून आणली आणि खाली उजव्या कोपऱ्यात तीन रकान्यांची चौकट आखून, 'आरेखन'वर बोट ठेवून पेन त्यांच्या हातात दिलं.

नानांनी कागद बराच वेळ पाहिला. मग पेनाचं टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हाई मी काढेल नही."

मी म्हटलं, नाना, माउस तुमच्याच हातात होता. ते म्हणाले, माउस होता, रेघ नव्हती. मी कुठूनही कसंही नेलं असतं तरी हेच आलं असतं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. चार दिवस आम्ही नळाला पाणी आलं का, एवढंच बोललो. पण ती शंका डोक्यातून जाईना, म्हणून पाचव्या दिवशी मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करून पाहिलं. डोळे मिटून माउस नुसता घुसळला. रस्ता सरळ आला. म्हातारा बरोबर होता.

त्याच दिवशी संध्याकाळी नाना ओट्यावर त्यांची टी-स्क्वेअर घेऊन आले. टी आकाराची लांब लाकडी पट्टी, कडा हाताने झिजलेल्या. सुनंदाने सांगितलं, धुळ्याहून येताना कपड्यांच्या आधी ती पिशवीत गेली होती. नानांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, हिनेही माझी प्रत्येक रेघ सरळ केली आहे. पण कुठून निघायचं, कुठे थांबायचं, कधी उचलायचं, हे तिने कधी ठरवलं नाही. "ही हात धरते. हाताच्या बदली बसत नाही. तुझं अवजार खुर्चीवर बसलं."

मग मी वही काढली आणि त्यांना रीतसर विचारलं, रेघ काढता म्हणजे नेमकं काय करता. अशी माहिती मी आधीच घ्यायला हवी होती. ते म्हणाले, पेन पहिल्या बिंदूवर टेकायचं आणि मग त्याच्याकडे बघायचं नाही. डोळा शेवटच्या बिंदूवर. आधी कडक पेन्सिलीने फिकट रेघ, ती शंभरदा बदलली तरी चालते. मनासारखी झाली की मगच शाई. आणि शाईचं पेन उचलण्यापूर्वी क्षणभर थांबायचं. जो थांबत नाही त्याच्या रेघेच्या टोकाला शेपूट येतं, आणि ते ब्लेडने खरवडत बसावं लागतं.

अवजार मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. बटण दाबलं की पहिली खुंटी रोवली जाते. तिथून ती हलत नाही, हात कितीही हलो. बटण दाबून ठेवलं आहे तोवर रस्ता फिकट दिसतो, पेन्सिलीसारखा, आणि शेवटच्या टोकाबरोबर फिरत राहतो. दुसरं बटण दाबलं तर पुसला जातो, कुठेही काही बिघडत नाही. पहिलं सोडलं की शाई. एक अडचण राहिली. बटण सोडताना नानांचं बोट उडायचं आणि टोक दोन चौकोन पलीकडे जायचं. तिथे मी त्यांचं थांबणं घातलं: सोडण्याच्या आधी माउस ज्या चौकोनावर क्षणभर स्थिरावला होता, टोक तिथलं धरायचं. थांबला नाहीत, तर अवजार मदत करणार नाही, शेपूट येईल.

नाशिकला मी लिहून पाठवलं, की काही हात थरथरतात, म्हणून हे असं आहे. नाशिकने नेहमीप्रमाणे दोन शब्दांत मंजूर केलं. पुढे कितीतरी लोकांनी कळवलं की त्यांचे हात थरथरत नाहीत, पण माउस जुना आहे किंवा मांडीवर मांजर असतं, आणि त्यांनाही बरं पडतं.

नानांनी मनगटाखाली टॉवेलची घडी ठेवून सराव सुरू केला. पहिल्या आठवड्यात शेपटांचीच वस्ती झाली. मी वहीत मोजत असे, दहातली किती शेपटाशिवाय. दोन, दोन, तीन, एक. सुनंदा म्हणाली, कशाला त्यांना दमवतेस. नाना म्हणाले, तू पेन्सिली कर. सहा-सात आठवड्यांनी दहात सहा यायला लागल्या. पण कागद छापायचा विषय त्यांनी काढला नाही, आणि पहिल्या अनुभवानंतर मीही काढला नाही. गणपतीच्या आधी नानांचा धाकटा मुलगा येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेला. जाताना सुनंदाचा जुना लॅपटॉप सोबत नेला. टी-स्क्वेअर कपड्यांच्या आधी पिशवीत गेली.

यंदा फेब्रुवारीत मला प्रॅक्टिकल परीक्षेसाठी धुळ्याच्या एका कॉलेजात परीक्षक म्हणून पाठवलं होतं. काम तीनला आटोपलं. जळगावची बस साडेचारला होती. मध्ये दीड तास होता, म्हणून नानांकडे गेले.

ते पुढच्या खोलीत बसले होते. थोडे वाळले होते, ताठपणा तसाच. सूनबाईंनी चहा आणला; त्यांना अर्धा, मला भरून. नानांनी ख्यालीखुशाली न विचारता टेबलावरून एक छापलेला कागद उचलून माझ्यापुढे ठेवला. धरणात गेलेल्या एका गावाची नवी वसाहत होती ती, त्यांनी नोकरीत पहिल्यांदा स्वतः आखलेली. आठवणीतून खेळात पुन्हा वसवली होती. पार, विहीर, मधून सरळ गेलेला मोठा रस्ता, त्याला फुटलेल्या गल्ल्या. खाली उजव्या कोपऱ्यात तीन रकान्यांची चौकट. तिन्ही कोरे.

मी घड्याळ बघत म्हटलं, सुरेख झालंय, नाना. आणि पर्समधून पेन काढून 'तपासले'कडे वळले.

त्यांनी कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला. "न बघता?"

मी पर्स खाली ठेवली. चष्मा लावला आणि बोटाने एकेक गल्ली चालत गेले. कोपऱ्याला कोपरा कुठे नाही ना, कड लागली आहे ना. पंचवीसेक मिनिटं गेली. देवळामागची एक गल्ली मोठ्या रस्त्याला एक चौकोन कमी पडत होती. मी तिथे पेन्सिलीने खूण केली.

नानांनी वाकून पाहिलं आणि हसले. "चार दिवस झाले बघतोय. दिसलं नाही. तुझी बस गेली असेल."

गेलीच होती. नानांनी लॅपटॉप उघडला, टॉवेलची घडी मनगटाखाली घेतली. मला वाटलं होतं, ते कमी पडलेला एक चौकोन भरतील. त्यांनी पूर्ण गल्ली पुसली आणि पहिल्यापासून काढायला घेतली. पहिली खुंटी रोवली. हात हलत होता, माउसची वायरसुद्धा हलत होती. डोळे मात्र मोठ्या रस्त्याच्या कडेवर. फिकट रेघ तिथपर्यंत गेली, एकदा मागे आली, पुन्हा गेली. टेकली. नाना थांबले. मी मनात मोजत होते, सवयीने. मग त्यांनी बोट उचललं. शेपूट नव्हतं.

पेनड्राइव्ह घेऊन ते स्वतः कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. मी येते म्हटलं तर सूनबाईंनी मान हलवून नको म्हणून खुणावलं. परत आले तेव्हा कागद गुंडाळी करून काखेत, घडी न घालता. टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, आणि पेन घेतलं. तीन अक्षरं आणि तीन टिंबं करायला त्यांना इतका वेळ लागला, की मधे सूनबाई आत जाऊन दिवा लावून आल्या. 'सो' थोडा रकान्याबाहेर गेला. तेवढ्याने त्यांचं काही बिघडलं नाही. पेन माझ्याकडे देताना म्हणाले, "हाई मी काढेल शे."

मी नव्या कागदावर गल्ल्या पुन्हा एकदा बोटाने चालून पाहिल्या, आणि मग 'तपासले'त माझी आद्याक्षरं केली. मधला रकाना त्यांनी आडवी रेघ मारून बंद केला. ट्रेसिंग झालेलंच नव्हतं.

त्यानंतर नाना दीड महिना होते. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं सुनंदा म्हणाली, आणि तो कागद त्यांच्या खोलीत भिंतीला लावला आहे म्हणाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सहीच्या दिवशी. सातच्या बसला वेळ होता म्हणून पायी निघाले. चार पावलांवर सहज मागे वळून पाहिलं, तर नाना दारात पाठमोरे उभे होते. निरोपाचा हात वगैरे काही नाही. कागद दोन्ही हातांनी वर, उजेडासमोर धरला होता, आणि मान वाकडी करून खालचा उजवा कोपरा बघत होते. स्वतःचा रकाना त्यांच्या अंगठ्याखाली झाकलेला होता. माझी सही तपासत होते.